भिवंडीत आयुक्तांना प्रश्न कोण विचारतं?

आजचा विषय ऐकून तुमचं बोट पुढच्या एपिसोडवर जाईल, मला माहीत आहे. विषय आहे महापालिकेच्या समित्या. स्थायी समिती, प्रभाग समिती, विशेष समिती वगैरे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला शेवटचा धडा, जो परीक्षेला यायचा नाही म्हणून सर पण शिकवायचे नाहीत. पण पाच मिनिटं थांबा. तुमच्या गल्लीतलं गटार कोणी बांधायचं, किती पैशात बांधायचं, आणि ते तीन महिन्यांत फुटलं तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळं याच खोल्यांत ठरतं.

आणि आत्ताच का? कारण १५ जानेवारी २०२६ ला भिवंडीत मतदान झालं. त्याआधीचं सभागृह २०१७ च्या मे महिन्यात निवडून आलं होतं. त्याची मुदत संपली जून २०२२ मध्ये. मधली साडेतीन वर्षं आपल्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. ज्यांनी अठरा वर्षांचं झाल्यावर या वेळी महापालिकेला पहिल्यांदा मत दिलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कळायला लागल्यापासून पालिका म्हणजे 'प्रशासक' हेच माहीत आहे. तर आता परत माणसं बसलीत खुर्च्यांवर. त्यांचं काम नेमकं काय, ते बघूया.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाहीये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, हा मूळचा १९४९ चा कायदा, तो म्हणतो की कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांचा. आणि आयुक्त नेमतं कोण? राज्य सरकार. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. आपल्याकडे त्याआधीच बदली होऊन गेलेले आयुक्त बरेच, ती गोष्ट वेगळी. महापौर सभा चालवतात, लाल दिवा होता तेव्हा लाल दिव्यात फिरायचे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात. पण एखाद्या ठेकेदाराला काम द्यायचं, एखाद्या इंजिनिअरला निलंबित करायचं, एखादी बेकायदा इमारत पाडायची, याच्यावर सही आयुक्तांची.

मग नगरसेवक कशाला? माझ्या मते इथंच सगळी गंमत आहे. इंग्लंडमध्ये २००० साली कायदा केला आणि बहुतेक कौन्सिलमध्ये नगरसेवकांचे दोन भाग पाडले. थोडे निर्णय घेणारे, कॅबिनेटसारखे. आणि बाकीच्यांसाठी छाननी समित्या. त्यांचं काम एकच, निर्णय घेणाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारणं. घेतलेला निर्णय अमलात येण्याआधी थांबवून परत विचाराला लावण्याची सोयपण आहे त्यांच्याकडे. आपल्याकडे असं नाव दिलेली समिती नाही. पण नीट बघाल तर आपल्याकडे निर्णय राबवणारा माणूस सभागृहाच्या बाहेरचा आहे, सरकारनं पाठवलेला. म्हणजे आपले ९० च्या ९० नगरसेवक मिळून एक मोठी छाननी समितीच झाली की! कायद्यानं त्यांना दिलेलं सगळ्यात मोठं हत्यार प्रश्न हेच आहे. आता ते हत्यार वापरतात का, आणि कशासाठी वापरतात, त्यावर आज बोलायचंय.

स्थायी समितीपासून सुरू करू. हिला पेपरवाले 'पालिकेची तिजोरी' म्हणतात, आणि ते बरोबर आहे. सोळा सदस्य. पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटून घेतलेले. दरवर्षी निम्मे, म्हणजे आठ, बाहेर पडतात. पहिल्या वर्षी कोण बाहेर पडणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. सभापती सोळा जणांतलाच, एका वर्षासाठी. ठरावीक रकमेच्या वरचा कुठलाही ठेका असेल तर आयुक्त एकटे तो देऊ शकत नाहीत, आधी स्थायीची मंजुरी लागते. वर्षाचं अंदाजपत्रक आयुक्त आधी स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात बदल करते आणि मग ते महासभेत जातं.

आणि एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. महापालिकेत एक मुख्य लेखापरीक्षक असतात. म्हणजे हिशोब तपासणारे. ते आपला अहवाल देतात तो स्थायी समितीला. का? कारण ज्यानं खर्च केला त्यालाच हिशोबातल्या चुका दाखवून उपयोग काय. म्हणून कायद्यानं हिशोब तपासणाऱ्याला लोकप्रतिनिधींशी जोडलं. डोकं लावून केलेली रचना आहे ही. लेखापरीक्षक म्हणणार, अमुक रस्त्याच्या बिलात तमुक मोजमाप जुळत नाही. स्थायी त्या खात्याच्या प्रमुखाला बोलावून विचारणार, सांगा साहेब, का नाही जुळत? वसुली कुणाकडून?

कागदावर इतकं छान आहे. आता बैठकीत काय होतं ते ऐका.

मी गेली काही वर्षं जमेल तशी पालिकांची इतिवृत्तं वाचते. इतिवृत्त म्हणजे बैठकीत काय झालं त्याची लेखी नोंद. आपल्याच नाही, आजूबाजूच्या पालिकांचीपण. (हो, हा माझा छंद आहे. लोक वेबसिरीज बघतात.) त्यात एक वाक्य इतक्या वेळा येतं की ते मला झोपेत म्हणता येईल : 'चर्चेअंती सदर प्रस्ताव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' चर्चा काय झाली ते नाही. कोणी काय विचारलं ते नाही. कोणाला शंका होती का, ते नाही. नुसतं चर्चेअंती. आणि सर्वानुमते. भांडणाऱ्या पक्षांचे सोळा लोक एका टेबलावर बसतात आणि कोट्यवधींच्या विषयांवर सगळ्यांचं एकमत होतं. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिकनिकची तारीख तरी सर्वानुमते ठरते का? म्हणून माझा साधा नियम आहे, इतिवृत्तात 'सर्वानुमते' दिसलं की तिथं बोट ठेवायचं. विरोध नोंदवलेला दिसला तर त्या नगरसेवकाचं नाव लक्षात ठेवायचं.

दुसरा शब्द, 'ऐनवेळचे विषय'. बैठकीची विषयपत्रिका आधी सदस्यांना जाते, त्यासोबत प्रत्येक विषयाचा गोषवारा. वाचून यावं, प्रश्न तयार करून यावेत यासाठी. पण काही विषय थेट बैठकीतच टेबलावर येतात. पूर आला, पाइपलाइन फुटली, तर ठीक आहे, थांबता येत नाही. पण एखादा तीन वर्षांचा साफसफाईचा ठेका ऐनवेळी कसा काय आठवतो? ठेक्याची मुदत संपणार हे ठेका दिला त्या दिवसापासून माहीत असतं ना?

तिसरी गोष्ट थोडी टेक्निकल, पण सांगतेच. पालिकेच्या आवारात कधी 'पाच-दोन-दोन' असं ऐकलंत तर ते बसचे नंबर नाहीत. कायद्याच्या मागं एक अनुसूची आहे, तिच्या पाचव्या प्रकरणातलं हे कलम. त्याखाली निविदा न मागवता काम देता येतं, कारणं लेखी नोंदवून आणि स्थायीच्या मंजुरीनं. अपवाद म्हणून ठेवलेली वाट. जिथं अपवादाचा नियम होतो तिथं स्थायी समितीनं दार अडवून उभं राहायला हवं. कारण अडवणारं दुसरं कोणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही फार भोळ्या आहात, स्थायीत लोक कशासाठी जातात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नाही, भोळी नाहीये मी. ठाण्यातल्या जुन्या लोकांना नंदलाल समिती आठवत असेल. पालिकेच्या ठेक्यांतल्या टक्केवारीची चौकशी करायला नेमलेली. ऑगस्ट २०२१ मध्ये तर पिंपरी-चिंचवडच्या स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अँटी करप्शनवाल्यांनी अटक केली, सोबत कर्मचारीपण होते. म्हणजे प्रस्ताव तहकूब ठेवणं, म्हणजे पुढं ढकलणं, हे दोन कारणांनी होऊ शकतं. एक, सदस्याला खरंच शंका आहे. दोन, ठेकेदारानं अजून येऊन भेट घेतलेली नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा कसा? शंका लेखी आहे का ते बघायचं. ज्याला खरंच विचारायचंय तो माणूस प्रश्न कागदावर देतो, उत्तर कागदावर मागतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस कागदाला हात लावत नाही.

बरं, टक्केवारी आहे म्हणून समित्याच नकोत, प्रशासकच बरा, असंपण मी खूप ऐकलंय. चहाच्या टपरीवर, ट्रेनमध्ये, घरातसुद्धा. 'नगरसेवक गेले, निदान खाणारी तोंडं कमी झाली.' ऐकायला बरं वाटतं. पण साडेतीन वर्षांत काय होतं ते नीट बघा. मुदत संपल्यावर सरकारनं प्रशासक नेमला, आणि प्रशासक कोण, तर आयुक्तच. कायद्यानं महासभेचे आणि स्थायीचे अधिकार त्याच एका माणसाकडे आले. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच प्रस्ताव मंजूर करायचा. सकाळी पत्र लिहायचं, दुपारी स्वतःच उत्तर द्यायचं. मी कुणा एका अधिकाऱ्याबद्दल बोलत नाहीये, त्यातले काही चांगले असतील, मेहनती असतील. पण लेखापरीक्षकानं चूक काढली तर तो अहवाल ज्या स्थायीकडे जायला हवा, ती स्थायी म्हणजेसुद्धा साहेबच! हे फक्त भिवंडीत नाही झालं, ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळं राज्यातल्या बहुतेक पालिकांत निवडणुका अडकल्या होत्या. राज्यघटनेत तर स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा कुठं चाकं हलली.

आता भिवंडीतल्या त्या तारखेकडे येते, जी आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. २१ सप्टेंबर २०२०. धामणकर नाका, पटेल कंपाउंड, जिलानी बिल्डिंग. पहाटे पावणेचारच्या सुमाराला, लोक झोपेत असताना, तीन मजली इमारत खाली आली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान मुलं कितीतरी. एनडीआरएफची टीम दिवसांमागून दिवस ढिगारा उपसत होती, कोरोनाचे दिवस, वर पाऊस. इमारत धोकादायक असल्याच्या नोटिसा आधी दिल्या होत्या असं तेव्हा बातम्यांत आलं.

नोटीस दिली होती, हे वाक्य लक्षात ठेवा. कारण छाननी म्हणजे काय ते या एका वाक्यात कळतं. नोटीस दिली म्हणजे फाइल पूर्ण झाली. अधिकारी सुटला. पण दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. ती यादी प्रभाग समितीत ठेवून कुणी विचारायला हवं होतं : या यादीतल्या किती इमारती रिकाम्या झाल्या? ज्या झाल्या नाहीत त्या का नाही झाल्या? लोक बाहेर पडत नाहीत कारण त्यांना जायला जागा नाही, मग संक्रमण शिबिराचं काय? मागच्या वर्षी यादीत होती ती या वर्षी कशी काय गळाली? पाच-सहा प्रश्न. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. आपल्याकडे पाच प्रभाग समित्या आहेत, प्रत्येकीत त्या भागातले नगरसेवक असतात, समोर प्रभाग अधिकारी असतो. कायद्यात तर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीपण तिथं नेमण्याची तरतूद आहे. लोकांच्या सगळ्यात जवळची समिती ही, आणि सगळ्यात कमी चर्चा तिचीच.

शेवटी प्रश्न विचारले कुणी? मुंबई हायकोर्टानं. घटनेनंतर कोर्टानं स्वतःहून दखल घेतली. त्या खटल्याचं नावच बघा, हायकोर्ट स्वतःहून विरुद्ध भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका. मुंबई परिसरातल्या बाकीच्या पालिकांनासुद्धा कोर्टानं त्यात बोलावलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांच्या खंडपीठानं निकाल दिला. बेकायदा बांधकाम एका रात्रीत उभं राहत नाही, ते होत असताना वॉर्डातले अधिकारी काय करत होते, आणि जबाबदारी त्यांच्यावर का येऊ नये, हा त्या निकालाचा गाभा. मला काय खटकतं सांगू? हाच प्रश्न धामणकर नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या सभागृहात विचारता आला असता. वीस वर्षांत कधीही. फी लागत नाही, वकील लागत नाही.

आणि तेव्हा, २०२० मध्ये, सभागृह होतं हं. नगरसेवक होते. पण ते कशात गुंतले होते तेही आठवा. २०१७ ला काँग्रेसला ९० पैकी ४७ जागा होत्या, स्वच्छ बहुमत. तरी डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपद कोणार्क विकास आघाडीकडे गेलं, जिचे निवडून आलेले नगरसेवक होते चार. काँग्रेसच्या अठरा जणांनी दुसरीकडे मतदान केलं. पुढं अपात्रतेच्या केसेस चालू. कोण कुणाच्या बाजूला हेच ज्या सभागृहात रोज ठरतंय, तिथं धोकादायक इमारतींच्या यादीवर कोण बसून डोकं लावणार?

इंग्लंडचं उदाहरण मघाशी दिलं, तर तिकडे सगळं गुडी गुडी आहे असं समजू नका. रॉदरहॅम नावाच्या शहरात अनेक वर्षं मुलींवर अत्याचार होत राहिले आणि कौन्सिलनं डोळेझाक केली. २०१५ मध्ये लुईस केसी यांनी तपासणीचा अहवाल दिला, त्यात तिथल्या छाननीच्या व्यवस्थेवरही कडक ताशेरे आहेत. म्हणजे समिती होती, नियम होते, मीटिंगा होत होत्या. विचारणारा माणूस जागेवर नव्हता.

मग नगरसेवक खरंच चिडले तर काय करू शकतात? आयुक्तांवर अविश्वास ठराव आणू शकतात. एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश मतं पडली तर सरकारनं आयुक्तांना परत बोलवावं, असं कायदा म्हणतो. आपल्या ९० च्या हिशोबानं ५७ मतं. पण २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत काय झालं बघा. तुकाराम मुंढे आयुक्त होते. शंभराहून जास्त नगरसेवक ठरावाच्या बाजूनं, विरोधात फक्त सहा. आणि मुंढे पुढचे पाच महिने तिथंच होते, मार्च २०१७ पर्यंत. कारण सरकारकडे आणखी एक कलम आहे, ४५१. त्याखाली महासभेचा कुठलाही ठराव सरकार निलंबित किंवा रद्द करू शकतं. पालिकेच्या भाषेत 'विखंडित' करणं. त्या वेळी लोक रस्त्यावर मुंढेंच्या बाजूनं होते, त्यामुळं सरकारचं बरोबर की नगरसेवकांचं, यावर आजपण भांडण लावता येईल. मला स्वतःला वाटतं की अविश्वास ठराव हे शेवटचं हत्यार आहे आणि आपले लोक पहिलं सोडून थेट शेवटचं काढतात. वर्षभर एकही लेखी प्रश्न न विचारता एके दिवशी थेट अविश्वास!

आणखी एक अडचण, खास भिवंडीची. इथं जाब विचारायचा पत्ताच सापडत नाही. वीज टोरंटकडे, २००७ पासून, महावितरणची फ्रँचायझी म्हणून. पाणी काही स्टेमचं, काही मुंबई महापालिकेचं, काही आपल्या वराळा तलावाचं. आयजीएम हॉस्पिटल राज्य सरकारचं. आणि ती प्रसिद्ध गोडाउनं, ज्यांच्यामुळं तुमची ऑनलाइन ऑर्डर दुसऱ्या दिवशी येते आणि मानकोलीला तुम्ही तासभर अडकता, ती बहुतेक पालिकेच्या हद्दीबाहेर. ग्रामपंचायतींच्या गावांत, जिथं नियोजन एमएमआरडीए बघतं. एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याला वर्धमान इमारत कोसळली, आठ जण गेले, तो भाग पालिकेचा नव्हताच. म्हणून नगरसेवकाला काहीही विचारा, 'ते आपल्याकडे येत नाही' हे उत्तर तयार असतं. अर्ध्या वेळा खरंसुद्धा असतं. त्यात आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एक म्हणतो तो बघेल, दुसरा म्हणतो हा बघेल.

पण जे निश्चित पालिकेकडेच आहे ते कमी नाही. रस्ते, गटारं, कचरा, पालिकेच्या शाळा, बांधकाम परवाने, मालमत्ता कर. करावर तर 'अभय योजना' निघते, थकवणाऱ्याला व्याजात सूट. वेळेवर भरणाऱ्यानं कपाळावर हात मारायचा. अशा योजनेतून मागच्या वेळी वसुली किती झाली, सूट किती गेली, आणि सगळ्यात मोठे थकबाकीदार कोण, हे स्थायीत विचारलं पाहिजे. बजेट येईल तेव्हापण एक युक्ती सांगते. आयुक्तांच्या अंदाजपत्रकात उत्पन्नाचा आकडा काय होता आणि स्थायीनं तो वाढवून किती केला, हे शेजारी ठेवून बघा. वाढवलेले पैसे कुठून येणार ते लिहिलेलं नसेल तर त्यावर उभी केलेली कामंपण कागदावरच राहतात. आणि मागच्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष जमा, तो रकाना तर नक्की बघा.

तुम्हाला काय करता येईल? महासभा लोकांसाठी खुली असते, जाऊन बसता येतं. कंटाळा येईल, खरं सांगते. पण आपला नगरसेवक तोंड उघडतो का ते एकदा बघून या. दुसरं, नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारनं एक निर्णय काढलाय. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच, पालिकेसारख्या कार्यालयांत नागरिकांना फाइली बघता याव्यात म्हणून. पुण्यात ही पद्धत त्याआधीपासून होती. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तो शासन निर्णय फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा. तिथं भांडू नका, नुसती पीडीएफ दाखवा. आणि फाइल मागताना 'सगळं दाखवा' म्हणू नका. एक रस्ता, एक वर्ष, एक ठेका. 'अमुक महिन्यातल्या स्थायी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त' इतकं नेमकं मागा. मग त्यात सुरुवातीची वेळ, संपण्याची वेळ आणि विषयांची संख्या मोजा. चाळीस विषय आणि पन्नास मिनिटं निघाली, तर भागाकार तुम्हीच करा आणि मला पाठवा.

पुढच्या भागात मालमत्ता कराचं बिल समोर घेऊन बसणार आहे, ओळ न् ओळ वाचायला. घरात बिल कुठं ठेवलंय ते आईला विचारून ठेवा. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला. तो देईल का नाही, तेपण कळवा.